दुरंगी मुठी

तळ्याचा मध्य मागे पडला, तरी पलीकडच्या काठावरचं प्रार्थनाघर अजून काडेपेटीएवढंच दिसत होतं. गुनवोर काठीनं बर्फ ठोकत पुढे चालली होती. शेजारीण मेरेट तिच्या पावलांवर पाऊल टाकत मागून. पूर्वी दर रविवारी दोघी गोठलेल्या तळ्यावरून अशाच जायच्या. पण गेल्या हिवाळ्यात नवरा, फोल्के, गेला आणि गुनवोरनं बर्फावर पाय ठेवणं सोडलं. आज तिनंच मेरेटचं दार वाजवलं होतं.

दोघींच्या गळ्यात दोरीला बर्फात रोवायचे टोचे होते, मूठ बसवलेले लोखंडी खिळे. बर्फ फुटून पाण्यात पडलं, तर ते दोन्ही हातांत धरून भोकाच्या काठाच्या बर्फात रुतवायचे आणि अंग वर ओढायचं. मेरेटच्या टोच्यांच्या मुठींवर केशरी-निळ्या लाटा होत्या, गुनवोरच्या नुसत्या केशरी.

"दुकानातून आणलेस होय गं?" मेरेटनं चिडवलं. "टोच्यांच्या कारखान्यातली बाई तू, आणि गळ्यात विकतचे?"

गुनवोर पुढचा बर्फ ठोकून बघत राहिली.

त्या मुठींवरची मऊ कातडी तिच्याच हातची. रबरासारखं मऊ, पण तापवलं की वितळणारं ते प्लास्टिक. त्याचे साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे घ्यायचे, त्यांत रंगाचे दाणे वजन करून कालवायचे, यंत्राच्या तोंडात ओतायचे. आतल्या कडक मुठीवर ती कातडी गरम असतानाच घट्ट बसते. पहिली मूठ निघाली की गुनवोर ती खिडकीशी नेऊन तिचा रंग नमुन्याच्या चकतीशी ताडून बघायची.

रंग बदलताना आतली नळी धुवायचा खास माल घालून यंत्र साफ करतात. त्यानंतरचे पहिले नग दोन रंगांचे निघतात. ते भंगारात टाकायचे, हा नियम. पण इतके देखणे नग टाकवतात कुणाला? बायका ते पिशवीतून घरी न्यायच्या, मुकादम काणाडोळा करायचा. नाताळात गुनवोर ते गावभर वाटायची. यंत्राचं पोट बिघडलं की आपल्याकडे सण, असं फोल्के म्हणायचा आणि सगळ्यांत रंगीत जोडी स्वतःला ठेवायचा.

मासे धरायला गेला तो याच तळ्यात बुडाला. वर काढला तेव्हा त्याच्या मिटलेल्या हातात नुसती मऊ कातडी होती, आणि टोचा दोरीला उघडा लटकत होता. थंडीनं बोटं बधिर झाली असतील, असं पोलीस म्हणाले. देवाची इच्छा, असं म्हणून मेरेटनं तिला जवळ घेतलं होतं.

आज चालता चालता गुनवोरनं सांगितलं, की वर्षभर ती कातडी खणात पडून होती. परवा तिनं कपाटातल्या उरलेल्या जोड्या बर्फाच्या पाण्यात बुडवल्या आणि ओढून पाहिल्या. साध्या काही केल्या सुटेनात. दुरंगी मात्र भिजलेल्या वालाच्या सालासारख्या निसटून हातात आल्या.

मेरेटचा हात आपसूक गळ्याशी गेला. दोघी थांबल्या. खाली बर्फ लांबवर कण्हला.

"तुला कुठं ठाऊक होतं गं," मेरेट हळूच म्हणाली.

"होतं. धुवायचा माल नळीत थोडा उरतोच, त्यामुळे पहिल्या नगांची कातडी धड चिकटत नाही, म्हणून तर ते भंगार. मी नुसते त्यांचे रंग बघत राहिले."

प्रार्थनेनंतर उभं राहून ती हे सगळ्यांना सांगणार होती. निम्मं गाव तिनं दिलेल्या भेटी गळ्यात घालून बर्फावर हिंडत होतं.

"नवऱ्याला हिनंच मारलं, म्हणतील," मेरेट म्हणाली. "कारखान्यातल्या बायका तर तुझ्या तोंडावर दार लावतील."

"लावू देत. पण आधी गळ्यातलं उतरवू देत."

मग गुनवोरनं हातमोजे काढले, स्वतःची साधी जोडी डोक्यावरून काढून मेरेटपुढे धरली.

"ही तू घाल. तुझी मला दे."

"आणि तू?"

"सगळ्यांपुढे उभी राहीन तेव्हा माझ्या गळ्यात दुरंगीच दिसली पाहिजे. काढ, मेरेट. आणि इथून पुढे माझ्यापासून जरा लांबून चाल."