पार्टिशनवरचा कागद

लेकीचं लग्न जमलं, साक्षगंध घरीच करायचं ठरलं, तेव्हा हॉलमधलं प्लायवूडचं पार्टिशन रंगवायचं काम मी स्वतःकडे घेतलं. लांबी चौदा फूट, उंची नऊ, म्हणजे एकशे सव्वीस चौरस फूट. अकरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाशी वाटणी झाली तेव्हा हा हॉल मधोमध कापला. टेप मीच धरला होता. चौकटीच्या पट्ट्या त्याच्या बाजूला आल्या आणि त्याची तीन इंच जागा गेली. हे त्याच्या लक्षात आलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

पार्टिशनला दोन्हीकडून फुलांचा कागद होता. घरात तांदूळ असताना गोंद विकत कशाला आणायचा, म्हणून आईने पेज आटवून पातेलंभर खळ केली आणि त्या एकाच गंजातून दोघांनाही दिली. पुढे त्या खळीला कसर लागली. कागद कडांना सुटला, मधे मात्र घट्ट राहिला. त्यावर रंग टिकला नसता.

लेकीचं एकच म्हणणं होतं, काका यायला हवा. आमच्यात नुसत्या पत्रिकेवर घरचा माणूस येत नाही. मोठ्या भावाने त्याच्या दारात जाऊन हळदीचे तांदूळ हातात द्यावे लागतात. मी म्हटलं, आधी रंग होऊ दे.

पहिल्या दिवशी कोरडाच खरवडला. चार तासांत अठरा चौरस फूट झाले. या वेगाने अठ्ठावीस तास लागणार होते, आणि पुढे पुट्टी भरणं, घासणं, प्रायमर, रंगाचे दोन हात. दिवस उरले होते पाच. म्हणून दुसऱ्या दिवशी गरम पाणी घेतलं. बायको म्हणाली, जरा बेतानं. प्लाय चार मिलिमीटरचा आहे हे मलाही माहीत होतं. तरी मारलं. कागद सालीसारखा निघत गेला.

दुपारी भाऊ दारात उभा.

"दादा, इतकं पाणी कायले मारून रायला? मायाकडचा कागद पुरा खाली आला."

आवाज चढलेला नव्हता. उलट तो थोडा हसतच होता. "मायनं खळ एकाच गंजातली देल्ली ना. इकडं भिजवली का तिकडं सुटते."

लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. हळदीचे तांदूळ देवघरात वाटीत तयार होते, दहा पावलांवर.

मी म्हटलं, "किती फूट गेला ते मोजून सांग. तेवढा लावून देतो."



"तुमीच मोजा. तुमाले येते," म्हणाला आणि गेला.

दोन दिवसांनी संध्याकाळी लेक म्हणाली, बाबा, आता तरी जा. मी प्रायमर लावत होतो. तांदूळ बायकोच्या हाती पाठवले. ते भावाच्या बायकोने घेतले.

साक्षगंधाच्या दिवशी पार्टिशन पांढरंशुभ्र दिसत होतं. पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा मी काका सालेकसा गावाला गेल्याचं सांगितलं. लेकीला कुंकू लागत होतं आणि पलीकडून त्याचा खोकला आला, मग कुकरच्या शिट्ट्या. चार झाल्या. लेकीने एकदा पार्टिशनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.