मारुतीभाऊ आणि नावेचा प्रसंग

मारुतीभाऊ मूळचे अमळनेरकडचे. उमेदीची सगळी वर्षं सुरतेत, उधन्याच्या लूमखात्यात यंत्रमागांवर गेली. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द कानावर पडत नाही, म्हणून कारागीर एकमेकांच्या ओठांकडे, चेहऱ्याकडे बघून बोलतात. घरीही ती सवय सुटत नाही. मारुतीभाऊ तोंडाकडे इतकं टक लावून बघत, की नवख्याला वाटे, आपल्या गालाला काही लागलंय की काय.

सिनेमा हा त्यांचा एकच शौक, आणि त्यातही जीव एका जुन्या सिनेमातल्या एकाच प्रसंगावर. मुलगी सासरी निघते, नाव किनारा सोडते, आई काठावर उभी राहते. कोणी बोलत नाही. आधी लांबून ढोल घुमतो, मग जड तारांची वाद्यं येतात, आणि नाव वळणाआड जाते तेव्हा व्हायोलिनची अख्खी रांग एकदम उठते. त्यांच्या पत्नी शोभाबाई तिथे दर वेळी डोळ्याला पदर लावत. कोणी चिडवलं तर म्हणत, "त्या बाईले दखीसन नही, त्या वाजाले रडस मी."

शोभाबाई गेल्या. मूलबाळ नव्हतं. गोडादऱ्याच्या आमच्या सोसायटीत मारुतीभाऊ एका खोलीत एकटेच राहू लागले. दोन वर्षांनी, शहाण्णव साली, तोच सिनेमा सकाळच्या खेळाला पुन्हा लागला. पहिल्याच रविवारी जाऊन आले ते तडक माझ्या दारात.

"भाऊसाहेब, त्यासनी वाजा काढी टाका!"

"कोणी?"

"टाकीजवालासनी. नाव जास, बाई उभी ऱ्हास, आन सगळं मुकं! ढोल तेवढा वाजस."

मॅनेजरशी भांडण झालंच होतं. "काका, आखी पट्टी छे, कशुं काप्युं नथी," पट्टी पूर्ण आहे, काही कापलेलं नाही, असं म्हणत त्याने हसून वाटेला लावलं होतं.

"मी भांडस तं तो हासस. तुम्ही नुसता चष्मा लाईसन उभा ऱ्हावा, तेवढं पुरे," मारुतीभाऊ म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे गेलो. नावेचा प्रसंग आला. ढोल घुमला. मारुतीभाऊंनी माझा दंड धरला. नाव वळली आणि व्हायोलिनं उठली. किती वर्षांनी ऐकत होतो. सगळं थिएटर भरून गेलं.

"दखा! शे का काही?" ते मोठ्याने ओरडले. मागून कोणीतरी खेकसलं, "काका, बेसो ने!"

मी व्हायोलिनं ऐकण्यात गुंगलो होतो. पडद्याच्या उजेडात ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. लूमवरच्या माणसाला एवढं पुरतं. त्यांचा हात माझ्या दंडावरून हळूच सुटला.

बाहेर चहाच्या गाडीशी उभे राहिल्यावर त्यांनी विचारलं, "वाजी ऱ्हायनं ना?"

"वाजतंय. पूर्ण."

डॉक्टरांना कान दाखवू, असं मी म्हणालो. त्यांनी हात हलवला. खात्यातले जुने कारागीर सगळे असेच, आधी बारीक आवाज जातात, हे त्यांना माझ्यापेक्षा आधी ठाऊक होतं. फक्त ते आपलंही होईल, असं वाटलं नव्हतं.

"कापं नही ना? मंग बेस झाय," ते म्हणाले.

मला वाटलं, आता जाणार नाहीत. पण सिनेमा होता तोवर ते दर रविवारी एकटेच जात राहिले. शेवटच्या रविवारी मीही गेलो, त्यांना न सांगता, बाजूच्या रांगेत बसलो. नावेचा प्रसंग आला, ढोल घुमला, आणि मारुतीभाऊ खुर्चीत वळून पडद्याकडे पाठ करून बसले. मागच्या रांगांतले चेहरे एकेक करून बघू लागले. नाव वळणाला लागली, व्हायोलिनं उठली, आणि तिसऱ्या रांगेत एका बाईने पदर डोळ्याला लावला.

तेव्हा ते सावकाश पुढे वळले, नीट बसले, आणि वळणाआड जाणाऱ्या नावेकडे बघत राहिले.