उपड्या परातीखालची अक्षरं

क्रिकेटमधलं मला तेव्हा काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. तरी दोन हजार तीनच्या विश्वचषकात भारताची प्रत्येक मॅच माझ्या अंगावर पडली, कारण केक मी करायचे. कॉलेज रोडच्या एका बाईंकडे सुट्टीत केकचा क्लास केला होता. तेवढ्या शिदोरीवर सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत, झाकणाला काच असलेल्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये मी कागदी वाट्यांतले कपकेक भाजायचे आणि वर निळं आयसिंग लावायचे. निळं म्हणजे भारत, एवढं मलाही कळत होतं.

खरं कारण क्रिकेट नव्हतंच. बाबा होते.

बाबा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत त्यांचं अक्षर टांगलेलं होतं, मालेगावकडे जाणाऱ्या ट्रकांच्या पाठीवर पळत होतं. दिवाळीनंतर त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं. पाय हळूहळू उचलायला लागला, हात मात्र मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, नाहीतर तो असाच राहील. दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो पलंगाखाली घालवला. "मी काय लहान पोर आहे?" एवढं म्हणायलाही त्यांना केवढा वेळ लागला.

मग मला सुचलं. दुधाची पिशवी धुऊन तिचा कोन केला, त्यात आयसिंग भरलं आणि म्हटलं, बाबा, मला नक्षी जमत नाही, तुम्हीच बघा. साफ थाप होती. त्यांनी कोन घेतला, पण डाव्या हातात. ठिपके आणि रेघा, तेही वाकडेतिकडे. प्रत्येक मॅचला मी उजव्या हाताकडे बघत बसायचे. आईही बघायची, फक्त मला कळू न देता.

पहिली मॅच जिंकलो. दुसऱ्या मॅचला शेजारचे काका लवकर आले, टॉसच्या आधीच एक केक तोंडात टाकला, आणि भारत सपाटून हरला. झालं! त्या दिवसापासून घरात कायदा. केक परातीत मांडायचे, वर दुसरी परात उपडी घालायची आणि जिंकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. डोकावायचंसुद्धा नाही. सगळ्यांत कडक पहारा काकांचाच. आणि त्यानंतर भारत हरायचंच विसरला. आता असं झाल्यावर विश्वास बसणार नाही तर काय होणार?

फायनलच्या दिवशी बाबांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. "आज मी एकटा," म्हणाले आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ आतून काही आवाज नाही. आई उगाचच दाराशी जाऊन यायची. मॅच सुरू व्हायच्या सुमाराला त्यांनी हाक मारली तेव्हा परात झाकलेली होती आणि बाबा घामाघूम होऊन स्टुलावर बसले होते. उजवा हात नेहमीसारखा मांडीवरच्या पंच्याखाली. "जिंकल्यावर उघडा," म्हणाले. आजारपणानंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

परात नेहमी कोपऱ्यात गार फरशीवर असायची. काका म्हणाले, "आज फायनल आहे वहिनी, आज टीव्हीवरच ठेवू." आईनं तिला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं. मार्चची दुपार, खाली तापणारा जुना डबा टीव्ही आणि वर लोण्याचं आयसिंग. क्लास केलेल्या मला धरून कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही.

ऑस्ट्रेलियानं धावांचा डोंगर रचला. आपला भरवशाचा गडी पहिल्याच षटकात परतला. मध्ये तिकडे पाऊस आला तेव्हा मॅच परत होईल म्हणून काका सावरून बसले, पण पाऊसही थांबला. रात्री जेवणाच्या वेळेला सगळं संपलं. काका उठले आणि आईचीच चप्पल घालून गेले.

बाबा टीव्हीकडे बोट दाखवत होते. "उघडा."

"आता कशाला?" आई म्हणाली. "हरलो ना. असू दे, सकाळी बघू."

"उघडा," ते पुन्हा म्हणाले. मला वाटलं, भूक लागली असेल. आईनं वरणभात कालवून आणला आणि भरवला. त्यांनी तो मुकाट खाल्ला.

सकाळी वरची परात काढली तर आत नुसता निळा चिखल. आयसिंग वितळून वाट्यांवरून ओघळलं होतं. मी परात मोरीकडे नेत होते, तेवढ्यात आईनं हाक मारली. ती ओल्या फडक्यानं बाबांचे हात पुसत होती. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं निळी होती. नखांच्या आतपर्यंत निळी.

"अहो, हा हात कसा रंगला?"

"लिहिलं," बाबा म्हणाले. मग थांबत थांबत, "एका कपावर... एक अक्षर."

"काय लिहिलं?"

बाबांनी माझ्या हातातल्या परातीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

आई परात घेऊन खिडकीत बसली. एकेक कप उजेडात धरून बघायची. "हा म असेल का गं? ही वेलांटी वाटते का?" मला काहीच दिसत नव्हतं, मी रडत होते. त्याच दिवशी मी नवं आयसिंग केलं, कोन भरला आणि त्यांच्या उजव्या हातात दिला. बोटं मिटली नाहीत. मिटत नव्हती की त्यांनी मिटली नाहीत, ते मला कधीच कळलं नाही. गणपतीच्या आधी दुसरा झटका आला आणि बाबा गेले.

पुढे पाट्याही गेल्या, सगळीकडे फ्लेक्स लागले. आईला त्याचं फारसं वाटत नाही. तिचं दुखणं वेगळं आहे. अजूनही मॅच लागली की ती विचारते, काय लिहिलं असेल गं त्यांनी? मी म्हणते, इंडिया, दुसरं काय लिहिणार?

"इंडिया तीन कपांत संपतं गं," आई म्हणते. "परात भरलेली होती."