करून दाखव, मग माफीचं पाहू

उपवासाच्या आदल्या संध्याकाळी माझी बायको शेजारच्या ताईंकडे माफी मागायला गेली आणि तिथूनच भांडण सुरू झालं. तोवर दोन्ही घरांत काहीही बिनसलेलं नव्हतं.

आम्ही बेने इस्राएल, मूळ कोकणातले. नोकरीमुळे भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. इथे ज्यूंचं घर आमचं एकच, त्यामुळे प्रार्थनाही घरातच होते. वर्षातला सर्वांत मोठा उपवास योम किप्पूरचा. आमची जुनी माणसं त्याला दार झाकायचा सण म्हणत. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, पांढरे कपडे घालायचे, दार लावायचं. मग दुसऱ्या संध्याकाळी तारे दिसेपर्यंत पाणीसुद्धा नाही. पण त्याआधी एक काम उरकावं लागतं. देवाशी चुकलं ते देव माफ करतो. माणसाशी चुकलं ते देवाच्या अखत्यारीत येत नाही. त्या माणसाकडे जाऊन, काय चुकलं ते सांगून, त्याच्याच तोंडून माफी घ्यावी लागते. कारखान्यात मापं तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून असेल, पण जिथे दोष तिथेच दुरुस्ती, हा नियम मला फार पटतो.

बायकोचा दोष असा, की ती नक्कल करते. महिला मंडळाच्या चहाला तिने ताईंच्या फोनवर बोलण्याची नक्कल केली होती. नऊजणींपैकी सातजणींना चहा खाली ठेवावा लागला. ताई त्या दिवशी नव्हत्या आणि नंतर त्यांना कोणी काही सांगितलंही नव्हतं. "जाऊन सांग," असं मीच म्हणालो आणि सोबतही गेलो.

"ताई, मी तुमची नक्कल केली. सगळ्यांसमोर. माफ करा."

दाराच्या पायरीवर बसलेल्या ताईंनी निवडायची भाजी बाजूला सारली. "माही नक्कल? कायची वं?"

"फोनवर बोलता त्याची."

"लोकं हासले?"

"हो."

"लय हासले?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "खूप," बायको म्हणाली.

ताईंचा चेहरा उतरला. मग त्या ताठ बसल्या. त्यांचं माहेर भंडाऱ्यातल्या विणकरांचं, व्यवहाराला पक्क्या. "करून दाखव पयले. मंग माफीचं पाहू."

"नाही ताई, तेच तर सोडलंय."

"पदर न पाहता लुगड्याचा भाव करते का कोणी? मी कायची माफी देऊन राहिली, मले समजू तर दे!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. नुसती माफी मिळाली की माणूस बदलला, असं आमच्यात धरत नाहीत. तशुवा म्हणजे परत फिरणं. तीच संधी पुन्हा समोर यावी, मोह तेवढाच असावा, आणि माणसाने या वेळी वेगळं वागावं, तेव्हा ते पुरं होतं. इथे संधी चालून आली होती, तीही ताईंच्या हुकमाने. नक्कल केली तर तशुवा बुडणार, न केली तर माफी. सूर्य पाण्याच्या टाकीमागे उतरला होता.

"भाऊ, तुमी सांगा न हिले."

"ती नाही करणार," मी म्हणालो.

"मंग मीच करतो!" ताईंनी उठून फोन घेतला आणि कानाला लावला. "हॅलो, गॅसवाले का? सिलिंडर कवा येऊन राहिलं?"

अगदी सपक. फोन आणि कानाला? ताई फोन भाकरीच्या तुकड्यासारखा तोंडासमोर धरतात. आधी समोरच्याची सालटी काढतात आणि मग त्याच दमात घरच्यांची तब्येत विचारतात. इतकं चुकीचं काम डोळ्यांदेखत चाललेलं बायकोला सहन होईना. तिचा हात दोनदा वर गेला. शेवटी तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"असं? का अजून जोरात?"

बायको नुसती मान हलवत होती. तेवढ्यात तो फोन खरंच वाजला. ताईंची मुलगी होती.

"काहून वं, चार दिवस झाले, माय मेली का जिती, इचारावं वाटलं नाही? कोनता राजवाडा सांभाळून राहिली तू? ...सासूबाईचे गुडघे कसे हायेत?"

आणि ताई थांबल्या. फोन तोंडासमोर, भाकरीसारखा. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडात पदर होता.

"हे का?"

बायकोने मान डोलावली. ताई पायरीवरच बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. फोनमधून मुलगी ओरडत होती, "आई, काय झालं? आई!"

"जा वं, माफ केलं! दहा डाव माफ केलं!" ताई डोळे पुसत म्हणाल्या. आम्ही निघालो तशी मागून हाक आली. "भाऊ, थांबा! आजच्या दिवशी मलेबी सांगू द्या. तुमी बाजारात टमाटर निवडता न, त्याची नक्कल मी करतो. कधीपासूनची करून राहिली!"

मला विचारायला वेळ नव्हता. "माफ!" एवढं ओरडून मी घराकडे पळालो.

दोन घास कसेबसे पोटात गेले. पांढरे कपडे झाले, दार लागलं. पापं कबूल करण्याच्या प्रार्थनेत एकेका शब्दाला छातीवर मूठ मारायची असते. 'आम्ही थट्टा केली' इथवर आलो आणि बायकोचे खांदे हलायला लागले. मग माझे. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली आणि त्याच शब्दावर पुन्हा अडकलो.

"ताई माझं नेमकं काय करून दाखवत असतील गं?" मी हळूच विचारलं.

बायकोला ते हुबेहूब येत असणार. तिने ओठ घट्ट मिटले आणि पुस्तकात मान घातली.