नव्या ट्रान्सफॉर्मरला कूलर

मे १९७४ मधला एक गुरुवार, कामठी रोडवरचं सबस्टेशन. हजर: सकाळपाळीचा ऑपरेटर म्हणजे मी, आमचे ज्युनियर इंजिनियर साहेब, मदतनीस काका. गैरहजर: मला सोडवायला येणारा ऑपरेटर. त्याला ऊन लागलं होतं.

माझी पिशवी भरून तयार होती. संध्याकाळी गोरज मुहूर्तावर भिवापूरला धाकट्या बहिणीचं लग्न, आणि नवरदेवाचा कान पिळायला मी एकुलता एक भाऊ. दुपारची एसटी मिळाली की झालं.

अडचण यार्डात होती. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर जोडलेले, एक जुना, एक त्यामानाने नवा. क्षमता सारखी, म्हणून भार निम्मा-निम्मा वाटला जाईल असं वरच्यांनी धरून चाललेलं. पण नव्याचा आतला अडथळा, म्हणजे इम्पीडन्स, कमी होता, आणि जिथे अडथळा कमी तिकडे वीज जास्त वळते. नवा तापायचा, जुना निवांत गुणगुणायचा. जुन्याला ‘थोडं तू घे’ म्हणायची सोय नव्हती. एकूण भार कमी करणं एवढाच उपाय. साहेबांनी फोनवर परवानगी मागितली. उत्तर आलं, लग्नसराई आहे, कुणाचीही लाईन बंद करायची नाही. नवा तापून ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला असता, तर सगळा भार जुन्यावर जाऊन तोही पडला असता.

मग दर उन्हाळ्यात करायचो तेच केलं. ऑफिसातला वाळ्याचा कूलर उचलून नव्याच्या रेडिएटरसमोर लावला. साहेब जीप घेऊन बदली माणूस शोधायला गेले. काका बादल्या आणत होते, मी तापमानाच्या काट्यासमोर. काटा जरा उतरला की पिशवीकडे बघायचो. तेवढ्यात तो पुन्हा चढायचा. एसटीची वेळ गेली.

काका कूलरमध्ये पाणी ओतत म्हणाले, “जुना कसा मजेत हाय पाय. जो घेते, त्यालेच अजून देतेत गा.”

“मी जाऊ का काका?”

“जाय ना. फाटक उघडंच हाय. पण काटा मले वाचता येत नाही.”

मी बसलो. साहेब एकटेच परतले तेव्हा गावभर मांडवांत दिवे लागले होते आणि काटा आणखी वर होता.

बहिणीने दुसऱ्या कुणाला कान पिळू दिला नाही. जावई अजूनही प्रताप नगरला आमच्याकडे आले की हसत डोकं पुढे करतात. मी म्हणतो, आधी चहा घ्या. कान पिळायचा राहिलाच आहे.