नारपोलीच्या शाळेतली शिफ्टची वही

आमच्या शाळेने दहा जुने कॉम्प्युटर विकत घेतले, तेव्हा त्यांच्यासोबत मीही आले. ते एका बंद पडलेल्या क्लासचे होते. त्या क्लासात मी झाडू मारायला लागले होते. मालकांनीच मला हळूहळू मशीन खोलायला-जोडायला शिकवलं. आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, ते म्हणाले, "मशीन नेताय ना, मग हिलाही न्या. हिचं ऐकतात ती." त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू, मला अजून कळलेलं नाही.

मी यवतमाळकडची. थोरली बहीण लग्न होऊन भिवंडीला आली, पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली, आणि नववीत माझी शाळा सुटली ती सुटलीच. आई गेल्यावर बहिणीनेच मला इथे, भिवंडीतल्या नारपोलीत आणलं. बोलताना तोंडातून 'मले-तुले' निघायचं आणि पोरं हसायची. शाळेच्या खोलीत शिरताना तर मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखंच वाटायचं.

मोठ्या बाई स्पष्ट बोलल्या. "दिवाळीपर्यंत लॅब तुझ्याकडे. नीट चालली तर तुला कायम करा म्हणून संस्थेला लिहीन. नाहीतर मला डिग्रीवाला माणूस बघावा लागेल, बाळा." त्या दिवसापासून लॅबचं कुलूप मी तीनतीनदा ओढून बघायला लागले.

मशीनचं मला भय नव्हतं. भय मास्तरांचं. कुणी प्रिंटरमध्ये कागद अडकवून निघून जायचं, कुणी वायर उपटून ठेवायचं, आणि विचारलं की सगळ्यांचं एकच, "मी नाही बुवा." त्यात खिडकीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. दिवसभर कापसाचे तंतू उडत यायचे आणि मशीनच्या पंख्यात जाऊन बसायचे. म्हणून बहिणीने जाड कापडाची कव्हरं शिवून दिली आणि मी भिंतीवर पाटी लावली: 'उठलात की कव्हर घाला.'

माझे भाऊजी लूमवर जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. एकदा जेवताना मी रडगाणं लावलं तर म्हणाले, "आमच्यात शिफ्ट सुटली तरी माणूस लूम सोडत नाही. दुसरा समोर आला, धागा कुठं तुटतोय ते त्याला तोंडाने सांगितलं, त्याने 'बरं' म्हटलं, की मग निघायचं. न सांगता गेला तर दुसऱ्या दिवशी त्याची काही खैर नाही."

दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या दाराला दोरीने एक वही टांगली. काय काम केलं, मशीन कसं सोडलं, ते लिहायचं. आणि मला नाहीतर पुढच्या माणसाला सांगून जायचं.

स्टाफरूममध्ये गणिताचे सर सगळ्यांत जुने. ते मोठ्याने म्हणाले, "बी.एड. करून आता आम्ही लूमवर ड्युटी करायची का, ताई? भोंगा कधी वाजणार तेही सांगा."

"भोंगा कशाला सर, तुमचा आवाज आहे की," मी बोलून गेले. सगळे हसले.

तरी वही भरत गेली. सरही लिहायचे, पण कुणाला सांगून जायचे नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर सहामाहीचे मार्क भरायचं काम आलं. दहावीचे मार्क सर स्वतः पाचव्या मशीनवर भरत होते. मधल्या सुट्टीत मी डबा खाऊन आले, तर सर दारात उभे, शेजारी मोठ्या बाई, आणि मशीन बंद.

"बघा बाई," सर म्हणाले. "नववी शिकलेल्या पोरीच्या हातात लॅब दिली की हे असं होतं. सगळ्या वर्गाचे मार्क गेले."

मी दारातच मागे सरकले. आमच्या शिपाई मावशी भिवंडीजवळच्या दिघाशी गावच्या. त्यांनी मागून माझ्या पाठीवर थाप मारली. "घाबरतेस कशाला गो? तुझी वही हाय ना! तिला इचार."

वहीत सरांचं वळणदार अक्षर होतं: 'काम अर्धे. चहा घेऊन येतो. चालू ठेवला आहे. पाटीप्रमाणे कव्हर घातले आहे.'

मी कव्हर वर करून मशीनच्या डब्याला हात लावला. तवा तापावा तसा तापला होता. जाड कापडाखाली मशीनचा जीव गुदमरला आणि ते आपोआप बंद पडलं, एवढंच झालं होतं. वही मोठ्याने वाचली असती तर माझी नोकरी त्याच क्षणी पक्की झाली असती. पण नजर पाटीवर गेली. सरांनी अक्षरशः पाटीच पाळली होती.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "आधी बंद करा, मग कव्हर घाला, असं लिहायला हवं होतं. मी अर्धंच लिहिलं." आणि वही त्यांच्या हातात दिली.

बाईंनी वाचलं. वही पुन्हा दाराला टांगली. मी मशीन उघडलं, ब्रशने पंख्यातले तंतू काढले, निवू दिलं. सर खुर्ची ओढून शेजारी बसून राहिले. बटण दाबलं, पंखा फिरला, फाइल उघडली. शेवटच्या चार मुलांचे सोडून सगळे मार्क जागच्या जागी.

"चालू लूमवर गोधडी घातली की मी," सर हळूच म्हणाले. मावशी खुदकन हसल्या, मग सरही.

मला कायम करा म्हणून संस्थेला पाठवायचं पत्र बाईंनी त्याच दुपारी सरांनाच पाचव्या मशीनवर टाइप करायला सांगितलं. मी मागे उभी. एका रकान्यापाशी सर थांबले. "शिक्षण?"

"नववी, सर."

त्यांनी 'नववी' टाइप केलं. खालच्या रकान्यात, न विचारता, 'काम: संगणक कक्ष प्रमुख'. मग उठले, मशीन बंद केलं, कव्हर घातलं, आणि वहीत लिहिलं: 'पत्र झाले. आधी बंद केले, मग कव्हर घातले. ताईंना सांगून जात आहे.'

"निघतो, ताई. पाचवं ठीक आहे," ते म्हणाले, आणि दारातच उभे राहिले. मी "बरं, सर" म्हणेपर्यंत हलले नाहीत.