डाव्या विंगेतला शब्द

रंगमंचावर जोतीरामला कुणी कधी पाहिलं नाही, पण मंडळी, त्याच्यावाचून प्रयोग उभा राहत नसे. तो कंपनीचा प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत उभा राहून, नट अडखळला की हलकेच शब्द पुरवायचा. कंपनी बंद पडली, केस पिकले, तरी सवय गेली नाही. सोलापूरच्या चर्चमध्ये कुणी प्रार्थनेत अडलं की बाकावरून जोतीरामकाकांचा शब्द हजर! परराज्यातून आलेले नवे फादरसुद्धा मराठी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, अडले की त्यांच्याकडेच बघायचे.

असा माणूस यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात स्वतःच अडला.

वळसंगहून बजाबाई गेल्याची बातमी आली आणि हे सुरू झालं. बजाबाई कंपनीची नायिका. दुसऱ्या दिवशी दुपारी जोतीराम रिकाम्या चर्चमध्ये कन्फेशनच्या, फादरांपुढे पापं कबूल करण्याच्या, तयारीसाठी गुडघ्यांवर बसला. पापं आठवून झाली. चिडणं, खोटं बोलणं, चोरून तंबाखू. मग पश्चात्तापाची प्रार्थना, पोरांना त्यानंच शिकवलेली. "हे परमेश्वरा, मी तुझा अपराध केला, म्हणून मला मनापासून..."

पुढचं पार पुसलेलं. आणि डाव्या खांद्याशी कुणीतरी श्वास रोखून उभं राहिलं. पंखे बंद होते, तरी झुळूक आली. तिला सफेद्याचा वास होता, नट तोंडाला फासतात त्या. त्यानं वळून पाहिलं. नुसते बाक.

"त्यात इसरण्यासारखं काय हाय?" घरी त्याची बायको वच्छला भाकरी थापता थापता म्हणाली. "पोरंबी म्हणत्यात की!"

"वच्छे, तितं कुणीतरी उभं हुतं."

"व्हय, व्हय. तंबाखू सोडा म्हणून सांगाया आलं आसंल."

तो हसला नाही. कोण आलं होतं ते त्याला ठाऊक होतं. मंगळवेढ्याच्या मुक्कामी बजाबाईनं तालमीत सगळ्यांदेखत त्याच्या बसक्या आवाजाची नक्कल केली होती. त्याच दिवशी भर प्रवेशात ती अडली. डावीकडे झुकली, वाट पाहत राहिली. शब्द जोतीरामच्या ओठांवर होता. त्यानं ओठ मिटले. शिट्ट्या झाल्या, चप्पल आली. बजाबाई पुन्हा रंगमंचावर चढली नाही. इतकी कन्फेशनं झाली, पण हे पाप त्यानं कधी उच्चारलं नव्हतं.

शनिवारी तो कन्फेशनच्या जाळीपुढे टेकला. ठरलेली पापं सांगून झाली.

"आणखी काही?" पलीकडून फादरांनी विचारलं.

सफेद्याचा वास दाटून आला. डावीकडे तोच रोखलेला श्वास. जोतीरामनं डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं.

"तिची माफी मागितलीत?"

"राहून गेलं, फादर. आता ती न्हाय."

"मग तिच्यासाठी रोज प्रार्थना करा. आता पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा."

"...म्हणून मला मनापासून..." पुन्हा तिथंच! अशीच उभी होती ती, भर उजेडात, सगळ्या गावासमोर. नकळत तो डावीकडे झुकला, ती झुकली होती तसाच.

आणि डावीकडून, अगदी हलकेच, शब्द आला.

"दुःख..."

जोतीरामनं तो उचलला आणि रडत रडत प्रार्थना शेवटाला नेली.

पापक्षमेचे शब्द उच्चारण्याआधी फादर जरा घुटमळले.

"काका," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुमच्याबरोबरच्या बाईंना बाहेर थांबायला सांगा. इथं एकट्यानंच यायचं असतं."